पुलावरचा गारोकु

कुशिकिनो बंदरातल्या सकोदा सलूनमध्ये खुर्चीवर बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न केसांचा नसायचा. मानेभोवती पांढरं कापड बांधता बांधता सकोदा योशिहिसा हळूच विचारायचे, “कुठपर्यंत आलात?” माणूस सांगायचा, सातवा भाग संपला, किंवा मागच्या बुधवारचा अंक राहिलाय. सकोदा मान हलवायचे आणि मग कात्री उचलायचे.

लग्न होऊन चिझुरु या घरात आली ती डोंगराकडच्या चहाच्या मळ्यांतून. पहिले चार दिवस तिची समजूत अशी की गावात कुठल्या तरी सूत्राचं पारायण चालू आहे आणि नवरा ज्याची त्याची प्रगती विचारतो आहे. पाचव्या दिवशी कळलं की हे सगळं मांगाबद्दल आहे. पोरांनी वाचायच्या चित्रकथा. माहेरी पाठवलेल्या पत्रात तिने सासूबद्दल लिहिलं, समुद्राच्या वासाबद्दल लिहिलं, हे मात्र लिहिलं नाही.

त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती. दुसऱ्या खुर्चीवर दाढी करायचं काम तिचं. वस्तऱ्याला तिचा हात सकोदांपेक्षा हलका होता आणि हे सगळं बंदर मान्य करायचं. पण मांगाचं एक पानसुद्धा तिने कधी वाचलं नव्हतं. त्या चौकटींत आधी कुठे बघायचं तेच तिला उमजत नसे. कान मात्र उघडे होते, आणि सव्वीस वर्षं कान उघडे ठेवल्यावर नवऱ्याच्या डोक्यात काय चालतं याचा थोडा अंदाज तिला आला होता. तो जसजसा येत गेला तसतशी ती गप्प होत गेली.

टोकियोत सोमवारी निघालेलं मांगाचं साप्ताहिक इथे बुधवारी पोचायचं, विटेएवढं जाड. सकोदा ते दुकान उघडण्याआधी वाचून काढत. त्यानंतर दिवसभर येणाऱ्या प्रत्येक माणसाशी ते त्या त्या कथेवर बोलत, पण तो जिथवर आला असेल तिथवरच. टपाल कचेरीतले साहेब चौथ्या भागात होते. झेन मंदिराचे गुरुजी फक्त बांधलेली पुस्तकं वाचत, म्हणून आठ महिने मागे. मासळी बाजारातला लिलाववाला मधलीच प्रकरणं वाचायचा. असे दोनशे जण तरी असतील. वही नाही, चिठ्ठी नाही. वर्षभराने आलेल्या माणसालाही सकोदा म्हणत, “मागच्या खेपेला तुम्ही नदीच्या अलीकडे होतात,” आणि तो माणूस खरंच नदीच्या अलीकडे असायचा.

कधी दोन्ही खुर्च्या भरलेल्या असायच्या आणि एकजण दुसऱ्याच्या पुढे असायचा. एकदा फुकुओकाला शिकणारा एक मुलगा सुट्टीला आला होता, शेजारी गुरुजी. तो मुलगा म्हणाला, “अहो, पण शेवटी तो सेनापतीच तर—” एवढ्यात सकोदांनी वाफाळता टॉवेल त्याच्या तोंडावर दाबला. जरा वेळाने अगदी मायेने विचारलं, “भाजलं नाही ना?” गुरुजींच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती. चिझुरुने मात्र हसू आवरण्यासाठी पाठ फिरवली.

हे त्यांच्यात कुठून आलं ते त्यांनी तिला एकदाच सांगितलं होतं. लहानपणी ते भाड्याच्या पुस्तकांच्या दुकानातून पुस्तकं आणत. थोरल्या भावाने एका पुस्तकाचा शेवट जेवताना सांगून टाकला, आणि सकोदांनी ते पुस्तक न वाचताच परत केलं. भाऊ पुढे लवकर गेला. भावाचा राग कधीच आला नाही, सकोदा म्हणाले, पण त्या पुस्तकातलं गाव मी पाहायचं ते राहिलं.

दूरच्या समुद्रात ट्यूना मासळीला जाणाऱ्या जहाजांचं हे बंदर. एकदा गेलेला माणूस वर्ष-सव्वा वर्ष घरी येत नसे. त्यांतला एक, तोरिगोए मित्सुगु, इंजिनवर काम करणारा, सकोदांचा शाळेपासूनचा मित्र. मांगावर सकोदा गावातल्या सगळ्यांशी बोलत, पण आपल्याला काय वाटलं ते फक्त मित्सुगुला सांगत. पंचाईत अशी की मित्सुगु जहाजावर असायचा. तिथे कंपनीकडून व्हिडिओ कॅसेटच्या पेट्या यायच्या, कुस्त्या, गाणी आणि टीव्हीवर चालणारे अ‍ॅनिमे, म्हणजे याच मांगांवरून काढलेली हलती चित्रं. त्यामुळे त्याने सगळं पडद्यावर पाहिलेलं. सकोदांनी पडद्यावरचं काहीच पाहिलेलं नाही, कारण संध्याकाळी सातला अ‍ॅनिमे लागायचं तेव्हाच दुकान भरलेलं असायचं. एकाने एक पाहिलेलं, दुसऱ्याने दुसरं. तरी वर्षानुवर्षं हे जमत होतं. मित्सुगु सांगायचा अमुक कॅसेटपर्यंत पाहिलं, सकोदा मनात हिशोब करायचे, म्हणजे अमुक भाग, आणि गप्पा सुरू व्हायच्या.

त्या वर्षी मार्चमध्ये मित्सुगु चौदा महिन्यांनी परतला. पिशवी घरी टाकून, आंघोळ न करता थेट दुकानात आला, केस खांद्यापर्यंत वाढलेले. चिझुरुला म्हणाला, “वहिनी, केसांना दोन टोपल्या तयार ठेवा.” सकोदांनी कापड बांधलं. मित्सुगु म्हणाला, हरकाऱ्यांची गोष्ट पूल जळाला तिथपर्यंत पाहिली, पेटीतली शेवटची कॅसेट तीच होती.

ही गोष्ट तेव्हा सगळं बंदर वाचत होतं. डोंगराळ मुलखात पत्रं घेऊन पळणारे हरकारे, त्यांतला एक कोवळा पोरगा, आणि त्याला पळायला शिकवणारा एका हाताचा म्हातारा, गारोकु. पूल जळाला, असं मित्सुगु म्हणाला मात्र, सकोदांचा चेहरा सैल झाला. आठ महिने ते या माणसाची वाट पाहत होते.

“त्या बुधवारी मी दुकान तासभर उशिरा उघडलं,” ते म्हणाले. “गारोकु दोर सोडतो ते पान बघून हातच चालेना. शेवटी शेवटी हसतो कसा तो म्हातारा.”

कात्रीचा आवाज चालू होता. मग थांबला. चिझुरुने आरशात पाहिलं. मित्सुगुचे डोळे आरशातून सकोदांकडे लागले होते.

“गारोकु मेला?” तो म्हणाला.

पडद्यावर तो मेला नव्हता. टीव्हीवाले पुस्तकाच्या मागे दोन पावलं चालतात एवढंच सकोदांना ठाऊक. पण या खेपेला ते चालता चालता पुस्तकाला येऊन भिडले होते, आणि तिथून त्यांनी आपली वेगळी वाट धरली होती. त्यांचा गारोकु जळत्या पुलावरून पलीकडे पोचला होता. गावात हे निम्म्या लोकांना माहीत होतं. सकोदांच्या दुकानात ते कोणी बोललं नव्हतं, कारण त्या दुकानात असं काही बोलायचं नसतं हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं.

मित्सुगु हसला. “जाऊ दे रे, चित्रातला म्हातारा,” म्हणाला. केस पुरे कापून घेतले, दाढीला मात्र थांबला नाही. सकोदा दारापर्यंत गेले आणि तिथेच त्यांनी कमरेत वाकून माफी मागितली. तो वाकलेला माणूस सरळ होईपर्यंत मित्सुगु रस्ता ओलांडून गेला होता.

सुट्टीवर असला की मित्सुगु रोज दुपारी दुकानात येऊन बसायचा. या वेळी तीन आठवडे फिरकला नाही. वीस एप्रिलला त्याचं जहाज पुन्हा सुटणार होतं. सकोदांनी प्रश्न विचारायचं सोडून दिलं. कापड बांधायचे, केस कापायचे, आरसा दाखवायचे. टपालवाले साहेब आपणहून म्हणाले, मी पाचव्या भागात आलो बरं का, तर सकोदा नुसते “हं” म्हणाले. गुरुजी दोन वेळा घसा खाकरून पाहून गेले. एका बुधवारी साप्ताहिक आलं ते दोरीने बांधलेलंच राहिलं.

चिझुरुला भीती वाटू लागली. कधी काळी या वेडाची तिला लाज वाटली होती. आता ते वेड उतरलेला नवरा पाहून तिला समजेना, की या माणसाच्या हातात कात्रीशिवाय आणखी काय उरलं आहे. एका रात्री जेवताना ती म्हणाली, “अहो, एवढ्याशा गोष्टीने कोणी मैत्री तोडतं का?” सकोदा म्हणाले, “अगं, एवढीशी नाही ती. त्याचा जिता माणूस मी मारला.”

सोमवारी दुकान बंद. महिन्यातल्या एका सोमवारी चिझुरु नवऱ्याची दाढी करायची. जहाज सुटायला पाच दिवस होते. सकोदा खुर्चीत डोळे मिटून पडलेले, गालावर साबणाचा फेस, तेवढ्यात मागच्या दाराने मित्सुगु आला. हातात तळलेल्या मासळीच्या वड्यांचा पुडा. सकोदा उठू लागले तसा तो म्हणाला, “पडून राहा. फेसात बोलत नाहीस ते बरं आहे.”

तो दुसऱ्या खुर्चीवर बसला. बराच वेळ पुड्याची दोरी सोडत राहिला. मग त्याने सांगितलं ते असं. जहाजावर बावीस माणसं. गळांचा मोठा दोर समुद्रात सोडून झाला की सगळे मिळून त्या कॅसेट पाहायचे. स्वयंपाक करणारा म्हातारा सहासष्ट वर्षांचा, आता सुटणारी ही त्याची शेवटची खेप. त्याचा डावा हात नीट उचलला जात नाही. तर पोरांनी त्याचं नाव गारोकु ठेवलं आहे, आणि त्या नावाने हाक मारली की म्हातारा ताठ उभा राहतो. पूल पार झाला त्या दिवशी त्याने सगळ्यांना सणासुदीचा लाल भात करून घातला होता.

“आता मी त्यांच्यात जाऊन बसणार,” मित्सुगु म्हणाला. “तेरा महिने. आणि मला माहीत आहे. रागावलो नव्हतो रे तुझ्यावर. घाबरलो होतो. घरी बायकोपुढे नुसतं गप्प बसून पाहिलं, तर दोन दिवसांत तिने विचारलं, काय लपवतोयस.” त्याने पुडा बाजूला ठेवला. “तू दोनशे माणसांशी हे कसं करतोस? मला शिकव.”

चिझुरुचा वस्तरा हवेतच राहिला. सव्वीस वर्षांत हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

सकोदा लाजले. यात शिकवण्यासारखं काही नाही, म्हणाले. मग तोंडावरचा फेस मनगटाने बाजूला केला. “मी लपवत नाही. लपवलं की डोळ्यांत दिसतंच. मी त्या माणसाच्या पानावर जाऊन बसतो. गुरुजी सहाव्या भागात असले की मीही सहाव्यात. तिथून पुढचं मलाही दिसत नाही. त्यांना धाकधूक होते तेव्हा मलाही खरंच होते.”

“आणि त्या दिवशी?”

“त्या दिवशी माझ्याच पानावर बसून राहिलो. तू आलास याचा आनंद झाला ना.”

मित्सुगुने मान खाली घातली. मग म्हणाला, बघू जमतं का. आणि त्याने पुलाची गोष्ट सांगायला सुरुवात केली, पडद्यावरची. सकोदांनी न पाहिलेली.

सुरुवातीला त्याचा आवाज कोरडा होता, माहीत असलेलं सांगणाऱ्या माणसासारखा. फळ्या पेटल्या, पोरगा पलीकडे पोचला, म्हातारा मध्येच अडकला. मग कुठेतरी तो बदलला. तो जहाजावरच्या त्या खोलीत जाऊन बसला होता, बावीस माणसांत, पहिल्यांदा पाहत. एक दोर तुटला, म्हणाला. म्हाताऱ्याने दात रोवून दुसरा धरला. दरीत खाली पाणीसुद्धा दिसत नव्हतं.

चिझुरु नवऱ्याकडे पाहत होती. या माणसाने गारोकुला मरताना पाहिलं होतं. आठ महिने त्याचा शोक केला होता. आणि आता तो खुर्चीचे दोन्ही दांडे घट्ट धरून होता, श्वास अडकलेला, कारण गारोकु पोचेल की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. खरोखरच ठाऊक नव्हतं. सांगणाऱ्यालाही आता ठाऊक नसावं, कारण त्याचा आवाज कापत होता. त्या दोघांच्या मध्ये तो म्हातारा जळत्या फळीवर लोंबकळत होता, आणि ती फळी तिला दिसत होती. जिला चौकटी वाचता येत नव्हत्या तिलाही. नवऱ्याचा गाल कोरडा पडलेला, फेस वाळून गेलेला, पण वस्तरा खाली आणायची तिची छाती होईना. आपण काही केलं तर तो पडेल असं तिला वाटलं.

पलीकडे हात टेकला, मित्सुगु म्हणाला. सकोदांनी श्वास सोडला आणि त्यांचे डोळे भरून आले. मग चिझुरुने गरम पाणी आणलं आणि नवऱ्याच्या गालाला नव्याने फेस लावला. वड्या तिघांनी मिळून खाल्ल्या.

जहाज ठरल्या दिवशी सुटलं. दुसऱ्या दिवशी टपालवाले साहेब खुर्चीवर बसले, तेव्हा कापड बांधता बांधता सकोदांनी त्यांना पाचव्या भागाचं विचारलं. साहेब असे बोलत सुटले की त्यांना खुर्चीवरून उठवावं लागलं.

ऑक्टोबरात केपटाऊनहून पोस्टकार्ड आलं. पुढे डोंगराचं चित्र, मागे मित्सुगुचं तिरपं अक्षर. इंजिन बरं चाललं आहे. मासळी कमी आहे. कॅसेटची नवी पेटी मिळाली. गारोकु ठणठणीत आहे, रोज भात करपवतो, आणि पुढे काय होईल याची मलाही काही कल्पना नाही.

सकोदांनी ते कार्ड चिझुरुला वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीपाशी आल्यावर त्यांनी ती पुन्हा वाचली, आवाज अगदी बारीक करून, मंदिरात बोलावं तसा.