पाटाबाहेरचा मोबाइल

खंडेनवमीला गल्लीतले मोबाइल दुरुस्तीवाले बापू आपली हत्यारं पुसून, तेल देऊन पाटावर मांडत होते. मी माझा जुना मोबाइल पुढे केला. पूर्वी ते अशा मोबाइलमधली कंपनीची सिस्टीम काढून दुसरी टाकायचे आणि तो पुन्हा पळू लागायचा.

"आता नाही जमत," बापू म्हणाले. "कंपनीनं आतून कुलूप घातलंय. किल्ली तुमच्याकडेही नाही, माझ्याकडेही नाही."

विकत मी घेतला, खिसा माझा, काचेवरचे ठसेही माझेच. तरी आत काय चालावं, हे ठरवणारं कुणी तिसरंच. नवा घेतला तरी तोही असाच निघणार.

"पाटावर ठेवू का?" मी विचारलं.

बापूंनी हातातलं झेंडूचं फूल पक्कडीवर वाहिलं.

"पूजा आपल्या हत्यारांची करतात," ते म्हणाले.