हसून दिलेली शिवी

काल फ्रेंचच्या क्लासमध्ये शिव्या शिकवल्या. मूर्खाला तिकडे ‘आंदुई’ म्हणतात, म्हणजे डुकराची आतडी ठासून भरलेलं सॉसेज. आम्ही पोट धरून हसलो.

क्लास सुटल्यावर खालच्या टपरीवर चहाला जरा उशीर झाला, तेव्हा आमच्यातली एकजण चहावाल्या मावशींना गोड हसून म्हणाली, “मेर्सी, आंदुई!”

मावशींना वाटलं, आभार मानतेय. “असू दे गं बाळा,” म्हणत त्यांनी तिच्या कपात आणखी चहा ओतला. सगळे खिदळले. मला शिसारी आली. फ्रेंच माणूस निदान तोंडावर शिवी देतो आणि उलट शिवी ऐकूनही घेतो. समोरच्याला कळणारच नाही अशी शिवी देणं म्हणजे त्याच्या ताटात थुंकणं.

आज मावशी प्रत्येक गिऱ्हाइकाला कप देताना मायेने म्हणत होत्या, “मेर्सी, आंदुई!”