बाबांच्या नावाचं दातवण

“मेलानोमा आहे,” डॉक्टर म्हणाले. मग आमच्या चेहऱ्यांकडे पाहून सोपं केलं, “कातडीला, हिरडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. त्यांचा कॅन्सर.”

माय माझ्या शेजारी बसली होती. तिनं एवढंच विचारलं, “मंग हे दातवण नोहे?”

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं.

दातवण म्हणजे काळी पूड. आमच्या रिठद गावात मायच्या वयाच्या बाया लग्नानंतर ती दातांना, हिरड्यांना चोळत. कुंकवासारखीच सवाशिणीची खूण. बाबा गेले तेव्हा बायांनी मायच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, दातवणाची डबीही उचलून नेली. हिरड्या हळूहळू उजळल्या. वरच्या सुळ्याजवळ एक डाग मात्र राहिला. माय ओठ उचलून कौतुकानं दाखवायची, “पाह्य व, सारं काढलं माह्यं. हे कोनाच्या बापाले काढता नाही आलं. तुह्या बाबाचं हाये हे!”

ती हसायची, म्हणून आम्हीही हसायचो. त्या घरात तेव्हा हसण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

डाग तांदळाएवढा होता, तो नखाएवढा झाला. माय म्हणाली, मुरून राह्यलं. मग चूळ भरताना रक्त यायला लागलं. शेजारच्या काकूंनी तुरटीच्या गुळण्या सांगितल्या, त्याही झाल्या. सुळा हलायला लागला तेव्हा मी तिला ओढतच वाशिमला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आरसा घालून पाहिलं, लगेच चिठ्ठी लिहिली. त्यांनी अकोल्याला पाठवलं. तिथं बायोप्सी झाली, म्हणजे डागाचा तुकडा काढून तपासला. मग सीटी स्कॅन. बाकड्यावर बसून माय मलाच धीर देत होती.

बायांनो, हिरडी काळी दिसली की लगेच छाती बडवू नका. पुष्कळांच्या हिरड्या जन्मापासूनच सावळ्या असतात, दोन्ही बाजूंनी सारख्या. तंबाखू, मिश्री, काही औषधं यांनीही काळ्या होतात. चांदी भरलेल्या दाताजवळ निळसर डाग पडतो. पण डाग नवा असेल, एकाच जागी असेल, वाढत असेल, वर उचलला असेल, रक्त येत असेल, जवळचा दात हलत असेल, तर गुळण्या करत बसू नका, दाखवा. दुखत नाही म्हणून तर मुळीच थांबू नका. मायचा डाग कधी दुखलाच नाही.

ऑपरेशनला माय नाही म्हणाली. वरच्या जबड्याचा तुकडा काढायचा होता, पण भीती त्याची नव्हती. “राहू द्या व ते,” एवढंच म्हणायची. मी तिच्यावर ओरडले, वॉर्डातल्या सगळ्यांदेखत. “बाबा गेले माय! आता त्या डागापायी तू बी चालली काय?”  मग तिनं संमतीच्या कागदावर अंगठा दिला.

शुद्धीवर आल्यावर तिला बोलता येत नव्हतं. तिनं ओठाकडे बोट नेलं आणि मान हलवून विचारलं. मी म्हटलं, “गेलं माय, सारं गेलं.” ती अशी रडली की सिस्टर इंजेक्शन घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं दुखतंय.

आजार तोवर फुप्फुसात उतरला होता. पुढचा उन्हाळा मायनं पाहिला नाही. नळीतून तिला पेज भरवताना तिच्याशी सासर-माहेरच्या गप्पा मारणाऱ्या वॉर्डातल्या मावशी मी विसरणार नाही. आणि खोटी आशा न लावणारे ते डॉक्टरही.

भिंतीवर मायचा बाबा गेल्यानंतरचा फोटो आहे, त्यात ती हसते आहे, सुळ्याजवळचा डाग दिसतो आहे. परवा आत्या आली, फोटोकडे पाहून म्हणाली, “पाह्य बाई, दातवण कसं शोभून दिसते वहिनीले!”

मी खिडकी उघडली, आत्याला उजेडात बसवलं.

“आत्या,” मी म्हटलं, “आ कर. मले पाहू दे.”