उपदेश गिळणारा ढोल

दारथुआमा, ज्यांना आम्ही सगळे मानाने पू म्हणतो, आठवडाभर बांबूच्या टोपल्या विणायचे आणि रविवारी चर्चमध्ये ढोल वाजवायचे. टोपल्या बऱ्या होत्या, ढोल मात्र असा की खालच्या गावचे लोक डोंगर चढून ऐकायला यायचे. आमच्याकडे गाणं शब्द संपले म्हणून संपत नाही. ढोलवाल्याने शेवटच्या कडव्याचा ठेका पुन्हा धरला की सगळ्यांनी ते पुन्हा म्हणायचं, आणि ढोल थांबेपर्यंत पाळकालासुद्धा तोंड उघडायची सोय नाही.

गेल्या वर्षी पास्टर रोखुमा बदलून आमच्याकडे आले. आम्ही रीतीप्रमाणे सगळे खाली रस्त्यापर्यंत गेलो, त्यांचं सामान पाठीवर घेऊन वर आणलं, डुक्कर कापलं. पाळकाचा मान आमच्याकडे फार. शेतातलं पहिलं आलं, पहिला भोपळा त्यांच्या दारात जातो आणि त्यांच्या तोंडावर कुणी उलट बोलत नाही. पण या पास्टरांचा आवाज अगदी बारीक, नजर कागदात खुपसलेली. दुसऱ्याच रविवारी दारथुआमा उपदेश चालू असताना चक्क जांभया देत होते.

तिसऱ्या रविवारपासून गाणी लांबायला लागली. एकेक कडवं पुन्हा, परत पुन्हा. दुपारच्या जेवणाआधी उपासना संपलीच पाहिजे, तेव्हा जे काही आखडायचं ते उपदेशात आखडायचं. माझं चहाचं दुकान चर्चला लागूनच आहे. मी त्यांना तिथे गाठलं.

"पू, हे काय चालवलंय तुम्ही? पाळकाचा अपमान होतोय."

"अपमान? अगं सियामी, मी त्यांना एक शब्द तरी बोललो का? देवाची स्तुती करतोय. ती कुणी मोजून करतं का?"

सापही मेला आणि काठीही शाबूत.

मला छळत होता तो वेगळाच प्रश्न. पास्टरांना हे कळत होतं की नाही? गाणं लांबलं की ते डोळे मिटून बसायचे आणि चेहऱ्यावर चक्क समाधान. एकदा गुळाचा चहा पुढे ठेवून मी विचारलंच, "तुम्हाला राग नाही येत?"

"कशाचा?"

"गाण्यांचा."

"छान गाता की तुम्ही सगळे," म्हणाले आणि चहा फुंकायला लागले. हा माणूस संत आहे की भोळा सांब, मला ठरवता येईना.

अशात दारथुआमांचा उजवा हात थरथरायला लागला. टोपल्यांची वीण सैल पडू लागली. मंडळीचे ज्येष्ठ, उपा झोथांगा, त्यांना म्हणाले, "आता ढोल कुणा तरण्याला द्या."

"मी मेल्यावर द्या," दारथुआमा म्हणाले आणि उठून गेले. बायको वारलेली, मुली लग्न होऊन लांब गेलेल्या. त्यांना ढोलाशिवाय दुसरं होतं तरी कोण? मला फार वाईट वाटलं.

आणि एका रविवारी भर गाण्यात त्यांच्या हातातून टिपरू निसटलं. गाणं मधेच कोसळलं. लोकांनी नजरा जमिनीत रोवल्या. तेवढ्यात पास्टर उठले, व्यासपीठावर तळहात आपटून ठेका धरला आणि एकटेच गायला लागले. इतका बेसूर माणूस मी जन्मात ऐकला नव्हता. पण लोकांनी सूर उचलला, दारथुआमांनी टिपरू उचललं आणि गाणं कसंबसं पार पडलं.

उपासनेनंतर दारथुआमा थेट पास्टरांच्या घरी निघाले. आमची किटली त्यांच्याकडेच राहिली होती, म्हणून मीही मागोमाग गेले. किटलीची घाई नव्हती, ते सोडा.

"मला का सावरलंत?" दारथुआमांनी उभ्या उभ्याच विचारलं. "मी वर्षभर तुमचा उपदेश गिळत होतो."

"त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं," आतून पास्टरांची बायको म्हणाली.

पास्टर ओशाळले. "पू, खरं सांगू? मला तिथं उभं राहायची भीती वाटते. हात थरथरतात, म्हणून कागद दाबून धरतो. तुमचं गाणं लांबलं की मी देवाचे आभार मानायचो."

दारथुआमा मोठ्याने हसले आणि खाली बसले.

"मग सोडून का देत नाही?"

"थरथरत्या हातांनी जमतंय तोवर करतो. एक दिवस जमेनासं होईल. तेव्हा दुसऱ्या कुणी मला सांगायच्या आत मीच सांगेन, एवढं बळ मागतो देवाकडे."

पास्टरांच्या बायकोने आणून ठेवलेल्या चहाला दारथुआमांनी हात लावला नाही. मी किटली न घेताच परतले.

पुढच्या रविवारी ते उपा झोथांगांना म्हणाले, "हे पहिलं गाणं माझं शेवटचं." वाजवलं सुरेख, आणि शब्द संपले तिथेच थांबवलं. आम्ही सवयीने पुढचं म्हणायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. मग ते सगळ्यात पुढच्या बाकावर जाऊन बसले.

आता खरी पंचाईत झाली ती पास्टरांची. वर्षभर त्यांनी आखूड उपदेशच लिहिले होते. कागद संपला, दुपार अजून लांब. ते बसायला वळले.

"पू पास्टर, बसू नका," दारथुआमा बाकावरूनच म्हणाले. "माझं वर्षभराचं ऐकायचं राहिलंय."

लोक हसले. पास्टरही हसले, कागद घडी करून खिशात घातला आणि कधी नव्हे ते आमच्याकडे बघून बोलू लागले.

"तुमची आल्याची पहिली टोपली दारात आली की मला धडकी भरते. ही घेण्याएवढा मी मोठा नाही. तरी घेतो. कारण ज्याने मला इथं पाठवलं, त्याच्यासाठी तुम्ही ती आणलेली असते. मी फक्त दार उघडणारा."

असंच बरंच बोलले. भीतीबद्दल, भीत भीत केलेल्या कामाबद्दल. चुलीवरचा भात कुणाला आठवला नाही.

शेवटच्या गाण्याची वेळ झाली. ढोलाशी कोण? तरणी पोरं एकमेकांना कोपरं मारत होती, पण कुणी जागचं हलेना.

"आज नुसतंच म्हणा," दारथुआमा म्हणाले आणि स्वतःच सुरुवात केली. ढोल वाजवताना ते कधीच गात नसत. सगळं ध्यान ठेक्यावर. त्यामुळे त्यांचा गाता आवाज गावाने आजवर ऐकलाच नव्हता. तो पास्टरांच्या तोडीस तोड बेसूर निघाला, आणि दोघंही जोरात गात होते.