अडलं तर सरांना फोन करा

आम्ही जे लिहितो ते कोणी वाचत नाही, आणि जे लिहीत नाही ते अख्ख्या बीडला तोंडपाठ असतं! आमच्या ऑफिसात किस्से साचतात ते असे.

काम तसं सरळ आहे. कंटेनर म्हणजे सॉफ्टवेअरचा भरलेला डबा. लागणारं सगळं सामान आत, कुठल्याही कॉम्प्युटरवर न्या आणि चालवा. असे डबे बनवायचं एक टूल आहे. त्याची मराठी माहितीची पानं आम्ही तिघं सांभाळतो: कॉलेजातून निवृत्त झालेले काळे सर, पालीचा सुदाम आणि मी. पानं मुळात सरांची. मी केलेला कुठलाही बदल सरांनी मंजूर केल्याशिवाय वेबसाइटवर चढत नाही. सगळी भांडणं इथूनच!

•

मी आले तेव्हा 'टूल कसं बसवायचं' या पानावर आधी सरांच्या गुरुजनांचे आभार होते, मग थोरल्या बंधूंचे. टूल तिसऱ्या स्क्रीनवर सुरू व्हायचं! मी म्हटलं, हे सगळं उडवते.

सर हळहळले. "अगं पोरी, माणूस आला की आधी बसतो, पाणी पितो, मग कामाचं बोलतो."

"सर, तो कॉम्प्युटरसमोर बसलेलाच असतो!"

•

सुदामच्या घरी शेळ्या आहेत. त्याने एका पानासाठी स्क्रीनशॉट काढला, लाल बाणबिण टाकून. तिघांनी तपासला. कोपऱ्यात त्याच्या वडिलांचा मेसेज उमटलाय हे एकालाही दिसलं नाही: 'शेळ्या पाटलाच्या उसात शिरल्यात. लवकर ये.'

सहा महिन्यांनी कोल्हापूरहून कुणाचा तरी मेल आला. 'कंटेनर चालू झाला, धन्यवाद. शेळ्या निघाल्या का?'

•

सरांना जुनं काही पुसवत नाही. एक कमांड केव्हाच बंद पडलेली, तरी पानावर होती. मी वर लिहिलं, 'ही कमांड आता बंद आहे.' सरांनी दुरुस्त केलं, 'निवृत्त झाली आहे.'

माझं डोकं सटकलं. "निवृत्त झाली ना? मग घरी बसावं की तिनं! रोज इथं कशाला येते?"

बोलले आणि जीभ चावली. सर स्वतः रोज नऊच्या ठोक्याला हजर असतात! सुदामने चहाच्या कपात तोंड लपवलं.

सर शांतपणे म्हणाले, "घरी करमत न्हाई तिला."

•

पण खरी लढाई शेवटच्या ओळीची. सरांच्या प्रत्येक पानाखाली निळ्या अक्षरांत लिहिलेलं, 'अडल्यास इथे दाबा, लगेच उत्तर मिळेल.' दाबलं की सरांना फोन! सर उत्तर देतात, पानावर मात्र ते कधीच येत नाही. एकदा कपिलधारला दर्शनाच्या रांगेत फोन आला. धबधब्याच्या आवाजात सर ओरडले, "थांबव! आधी सगळं थांबव!" पुढची अख्खी रांग थांबली.

मी सगळ्या अडचणींची उत्तरं लिहून काढली आणि ती निळी ओळ काढून टाकली. मंजुरीसाठी पाठवून चार महिने झाले. विचारलं की एकच उत्तर, "बघतो की. लोकांना माणूस लागतो गं."

•

गेल्या आठवड्यात सरांनी नवा लॅपटॉप आणला. टूलची नवी आवृत्ती बसवायला घेतली. पाचव्या पायरीला गाडी अडली.

"सर, मी सांगू?"

"गप बस. पान मीच लिहिलंय."

मोबाइलवर स्वतःचं पान उघडून ते चष्मा सरसावून वाचत बसले. वरून खाली, खालून वर. मग बोटाने काहीतरी दाबलं आणि मोबाइल कानाला लावला. परत दाबलं. परत कानाला. सुदाम माझ्याकडे बघतोय, मी सुदामकडे!

चौथ्यांदा सरांनी मोबाइल टेबलावर आपटला.

"कवापासून बिझीच लागतंय! लोकं अडून बसलीत हिकडं, आन ह्या माणसाला फोन सोडवना!"