सिनेमात न परतलेली ताई

मुलगी पाहायला गेलो तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी पगार विचारला नाही, शेती किती तेही विचारलं नाही. पोह्यांची बशी हातात दिली आणि म्हणाले, "शेवटचा सिनेमा कोणता पाह्यला? सांगा बरं." मी घाबरून सांगितलं, "एक हिरो असतो, त्याला मुलगी आवडते, मारामारी होते आणि लग्न होतं." ते खो खो हसले आणि आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडले, "अवं, पोरगा चांगला हाय. याले काईच रंगवून सांगता येत नाई. पोरगी द्याले हरकत नाई!" या एका पात्रतेवर माझं लग्न झालं आणि अजून टिकून आहे.

सासऱ्यांना, म्हणजे गुलाबरावांना, मी मामाजी म्हणायचो. कारंजा (घाडगे) इथं हायवेला लागून त्यांचं किराणा दुकान होतं, पण जीव सिनेमाच्या पुस्तकांत. वर्ध्याला नवा हिंदी सिनेमा लागला की एसटीनं जायचे, लागोपाठ दोन खेळ पाहायचे आणि परत येऊन त्याचं मराठीत पुस्तक लिहायचे. ते आर्वीला छापलं जाई, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसवर. लग्नसराई संपली की तिथं उरलेला गुलाबी जाड कागद त्यांना मुखपृष्ठाला मिळे, आणि त्यावर गणपती आधीच छापलेला असे. त्यामुळे खुनाच्या पुस्तकावरही गणपती. मी एकदा हटकलं, तर म्हणाले, "खून असला तरी सुरुवात चांगली पायजे, जवाईबापू."

नव्वदच्या दशकात ही पुस्तकं बाजाराच्या दिवशी हातोहात जायची. खेड्यातल्या सुनांना टॉकीजला कोण पाठवतं? एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, की सिनेमा पाहून झाला.

लिहिण्याआधी मामाजी सिनेमा सासूबाईंना सांगायचे. त्या तुरीची डाळ निवडत ऐकायच्या. त्यांनी "मंग?" म्हटलं की गाडी पुढं. "काऊन?" म्हणजे ‘का?’ असं म्हटलं की मामाजी अडले. तो काऊन घर सोडून गेला? सिनेमात उत्तर नसेल तर मामाजी स्वतः शोधून घालायचे. "सिनेमावाल्याले तीन घंट्यात आटपाचं रायते," ते म्हणायचे, "आपल्याले काय घाई हाय?"

एका सिनेमात नायिकेची मोठी बहीण बापाशी भांडून पिशवी घेऊन निघून जाते, आणि पुढं तिचा पत्ताच नाही. "ते ताई कुठं गेली?" सासूबाईंनी डाळीचं सूप खाली ठेवून विचारलं. मामाजी पुन्हा वर्ध्याला जाऊन सिनेमा पाहून आले. ताई सापडली नाही. मग त्यांनी पुस्तकात तिला शिवणकाम लावून दिलं, आणि धाकटीच्या लग्नात, अंतरपाट धरायच्या वेळी, स्वतः शिवलेलं पोलकं हातात देऊन दारात उभं केलं. त्या पानावर बायका ढसाढसा रडल्या. पुस्तक पुन्हा छापावं लागलं. रोहण्याच्या सुमनबाई दुकानात आल्या की आधी विचारायच्या, "ताईचं बरं चाललं ना, भाऊ?" मामाजी अगदी गंभीरपणे सांगायचे, "आता दुसरी मशीन घेतली तिनं."

मग गावोगाव केबल आली. एका रविवारी तोच सिनेमा टीव्हीवर लागला. सुमनबाईंनी अख्ख्या आळीतल्या बायका गोळा केल्या. "लग्नाच्या टायमाले पाहा आता," असं बजावून ठेवलं. वरमाला पडल्या, फेरे झाले, पडद्यावर नावं सरकू लागली. ताई आलीच नाही.

सुमनबाई दुकानात आल्या तेव्हा मी तिथंच होतो, जावयाच्या हक्कानं गल्ल्याशेजारी बसून शेंगदाणे खात.

"भाऊ, आमी दाराकडं पाहून राह्यलो होतो. सगळ्या बायकाईत माही फजिती झाली. खोटं लिवलं तुमी."

"खोटं नाई, बाई. ते लोकं विसरले तिले. मी नाई विसरलो."

"मंग तिची मशीन?"

मामाजींचा आवाज एकदम खाली गेला. "ते मी घेऊन देल्ली."

सुमनबाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं, साखरेच्या पोत्यावर ठेवलं आणि काही न घेता गेल्या.

त्यानंतर मामाजींनी एकच पुस्तक लिहिलं, सिनेमात होतं तेवढंच. सासूबाईंनी "काऊन?" विचारलं की म्हणायचे, "सिनेमात नाई." दोन-तीनदा असं झाल्यावर त्या सूप उचलून आत गेल्या. ते पुस्तक कुणी घेतलं नाही; तेवढं तर टीव्हीत फुकट दिसत होतं. मी शहाणपणानं सल्ला दिला, "मामाजी, आता स्वतःच्या मनातली कादंबरी लिहा." ते म्हणाले, "माह्या मनात कोणी नाई, जवाईबापू. दुसऱ्यानं सोडून देल्लेल्याईले मी घरी आणत होतो."

छातीच्या दुखण्यानं त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात ठेवलं होतं. ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी बाहेरच्या हॉलमध्ये टीव्हीवर सिनेमा चालू होता, आणि बायको नि मी त्यांना बाकावर आणून बसवलं होतं. शेजारी डोळ्याचं ऑपरेशन झालेली एक म्हातारी बसली होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं आधीपासूनच दिसत नव्हतं.

"काय होऊन राह्यलं, भाऊ?" तिनं विचारलं.

मामाजी सांगू लागले. दम लागत होता, तरी कोण आलं, कोण कुणाकडं कसं पाहतं, सगळं सांगत होते. बायकोनं माझा हात घट्ट धरला. कितीतरी वर्षांनी बाबा सिनेमा सांगत होते.

"अन् ते पोराची मावशी?" म्हातारीनं मधेच विचारलं. "मंघाशी रडत होती ते. कुठं गेली?"

आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडं पाहू लागलो. म्हातारीला दिसत नव्हतं; मावशी कुठंही गेली असती, कुठूनही परत आली असती. मामाजींचे ओठ हलले. मग त्यांनी बराच वेळ पडद्याकडं पाहिलं.

"दिसत नाई, बाई."

"येईन ना पण?"

"नाई येत."

म्हातारीनं मान हलवली. भिंत चाचपत उठली आणि आपल्या वॉर्डाकडं निघून गेली. सिनेमा अजून अर्धा बाकी होता.