त्या हिवाळ्यात कुठलं ऑइल घालायचं

सासऱ्यांची बायपास ठरली आणि नवरा घाईघाईनं नागपूरला गेला, तो २००३ चा डिसेंबर होता. तीन आठवड्यांत परत येणार होता. सासरे सुखरूप घरी आले, अंगणात फेऱ्या मारू लागले. अडकला तो नवराच. परत येण्यासाठी पासपोर्टावर व्हिसाचा नवा शिक्का हवा होता. मुंबईच्या वकिलातीत त्याचा पासपोर्ट ठेवून घेतला आणि चौकशी पूर्ण झाली की कळवू, एवढंच सांगितलं. कसली चौकशी, कोण करणार, किती दिवस लागणार, हे विचारायला जागाच नव्हती. फोन केला तर मशीन बोलायचं.

इकडे मिनेसोटात मी, आमची चार वर्षांची मुलगी आणि नवऱ्याची गाडी, अशा तिघी राहिलो. मिनिआपोलिसपासून दोन तासांवरचं लहान गाव. नवऱ्याचं प्रोजेक्ट तिथे होतं म्हणून आम्ही तिथे. बस नव्हती. मुलीची शाळा, दूध, डॉक्टर, सगळं गाडीनंच. मी त्याच उन्हाळ्यात ड्रायव्हिंग शिकले होते. पेट्रोल भरायचं आणि काचेवर मारायचं निळं पाणी ओतायचं, याच्या पलीकडे गाडीतलं मला काही येत नव्हतं.

गाडी जुनी होती, छोटी, पण टर्बो. शिक्षण संपवून गाव सोडणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून नवऱ्यानं ती हौसेनं घेतली होती. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा एक छोटा पंखा, असं त्यानं मला समजावलं होतं. तो भयंकर वेगानं फिरतो, भयंकर तापतो, आणि त्याला जिवंत ठेवतं ते ऑइल. जाताना म्हणाला होता, “ऑइल बदलायला झालंय, पण मी आल्यावर करतो. तोवर चालेल.”

जानेवारीत पारा शून्याखाली वीस फॅरनहाइटपर्यंत गेला. त्या थंडीत नाकातला श्वास आतल्या आत गोठतो. शेजारच्या बिल्डिंगमधले लोक इंजिन गरम ठेवायला गाडीला विजेची वायर लावायचे. आमच्या पार्किंगमध्ये प्लगच नव्हता. एका सकाळी किल्ली फिरवली तर गाडी कण्हल्यासारखी झाली, बऱ्याच वेळानं सुरू झाली आणि आतून टकटक आवाज यायला लागला. समोर ऑइलच्या झारीचं चित्र असलेला लाल दिवा पेटला तो विझेचना. मागून मुलगी म्हणाली, “आई, द कार इज कफिंग.” थोड्या वेळानं दिवा गेला. मी तिला शाळेत सोडलं, घरी आले आणि कॉलिंग कार्डावरून नागपूरला फोन लावला.

त्यानं मला खाली जाऊन डिपस्टिक काढून बघायला सांगितलं. ऑइल मोजायची ती लांब पट्टी शोधण्यातच माझी बोटं बधिर झाली. पट्टीवर काकवीसारखं दाट, काळंभोर काहीतरी होतं, ते ओघळतही नव्हतं. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “लगेच बदलून घे.” मी विचारलं, कुठलं घालायचं? तो म्हणाला, मॅन्युअल बघ.

मॅन्युअल बघितलं. ऑइलला दोन आकडे असतात. पहिला थंडीचा: तो जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात पातळ राहतं. दुसरा इंजिन तापल्यावरचा: तो जितका मोठा, तितकं तापल्यावर दाट राहतं. एका पानावर लिहिलं होतं, थंड प्रदेशात फाइव्ह डब्ल्यू थर्टी वापरा. पुढच्या पानावर लिहिलं होतं, टर्बो असेल आणि गाडी वेगात चालवत असाल तर इतकं पातळ ऑइल टाळा. आमच्या इथे दोन्ही होतं. थंडीही आणि टर्बोही, आणि हायवेशिवाय कुठे जाताच येत नव्हतं. तापमानाचा तक्ता होता, तर त्याची पट्टी आमच्या गावच्या थंडीच्या अलीकडेच संपत होती.

मग मी काकांना फोन केला. काका मिनिआपोलिसला राहायचे. सत्तरच्या दशकात आलेले, जन्मभर एका यंत्रांच्या कारखान्यात इंजिनीअर, आता रिटायर्ड. गणपतीत ओळख झाली होती. ते ठामपणे म्हणाले, “अगं, सिंथेटिक घाल. गारठ्यात तेच वाहतं आणि टर्बोच्या उष्णतेत जळतही नाही.” मला हायसं वाटलं. फोन ठेवणार तेवढ्यात त्यांनी विचारलं की आधीच्या मालकानं कुठलं घातलं होतं. मला माहीत नव्हतं. काका म्हणाले, “मग जरा अवघड आहे. जुन्या इंजिनात साधं ऑइल जळून मळ साचलेला असला, तर सिंथेटिकनं तो सुटतो आणि नळीत जाऊन अडकतो. बरं, साधंच घातलं तर या थंडीत…” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. म्हणाले, तू नवऱ्यालाच विचार.

त्याला विचारायचं म्हणजे काय? तो रोज नागपुरातल्या सायबर कॅफेत बसायचा. आधी व्हिसाचं स्टेटस बघायचा, मग माझ्यासाठी ऑइलवर लोकांनी घातलेले वाद वाचायचा. सोमवारी सांगायचा झीरो डब्ल्यू, मंगळवारी म्हणायचा नको, फाइव्ह डब्ल्यू फॉर्टी. बुधवारी कुणीतरी लिहिलेलं असायचं की जुन्या गाडीत ऑइलचा प्रकार अचानक बदलू नये. मी हातात पेन घेऊन ऐकत बसायची आणि फोन ठेवल्यावर आधीच्या दिवशी होते तिथेच असायची.

एकदा दुकानात गेले. छतापर्यंत डबे होते. काउंटरवरच्या माणसानं गाडी विचारली, कॉम्प्युटरमध्ये बघून एक डबा दाखवला. मी म्हटलं टर्बो आहे, तर त्यानं दुसरा दाखवला. थंडीचं बोलले, तर म्हणाला की तसं असेल तर तिसरा, आणि शेवटी म्हणाला, तुम्हाला योग्य वाटेल ते घ्या. मुलगी खाली बर्फावर टाकायच्या मिठाच्या पोत्यावर बसून राहिली होती आणि तिला शू लागली होती. मी काचेचं निळं पाणी घेऊन बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी फोनवर मी नवऱ्याला म्हटलं, आता तू एक काय ते सांग, मी तेच घालते. तो म्हणाला, “तूच ठरव.”

“मी कशी ठरवू? गाडी तू घेतलीस.”

पलीकडे प्रेशर कुकरची शिटी ऐकू आली. मग तो म्हणाला, “माझ्याकडे पासपोर्ट नाही. मॅनेजर रोज मेल करतोय, नोकरी राहील की नाही माहीत नाही. मला इथून एक डबासुद्धा उचलता येत नाही गं.”

कार्डाची मिनिटं संपल्याची सूचना आली आणि फोन कट झाला.

त्या आठवड्यात मी गावातल्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेले आणि सिंथेटिक, फाइव्ह डब्ल्यू फॉर्टी घालायला सांगितलं. का, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. काकांनी आधी जे ठामपणे सांगितलं, ते नंतरच्या शंकेपेक्षा खरं असावं, असं मी धरून चालले, झालं.

आणि गाडी सुधारली. सकाळी किल्ली फिरवली की लगेच सुरू व्हायची, टकटक बंद झाली. मी फोनवर सांगितलं तेव्हा नवरा इतका खूश झाला, जणू त्याचा व्हिसाच आला. सासूबाईंना ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं. सासूबाईंनी फोन घेऊन माझं कौतुक केलं. त्यांना वाटलं, ऑइल मी स्वतः बदललं.

फेब्रुवारीत मुलीचा कान दुखायला लागला. आमच्या गावातलं क्लिनिक त्या दिवशी बंद, म्हणून मी तिला घेऊन शेजारच्या गावाला निघाले. हायवेवर शिट्टीसारखा आवाज यायला लागला. आरशात बघते तर मागे निळा धूर. ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी पळेना, लाल दिवा पेटला, आणि गाडी कडेला घेईपर्यंत इंजिन बंदच पडलं. पुन्हा किल्ली फिरवली, काही नाही.

इंजिन बंद म्हणजे हीटर बंद. दोन्ही बाजूंना पांढरी शेतं आणि वारा. मोबाइलवरून गाडी ओढून नेणाऱ्यांकडे मदत मागितली, त्यांनी थांबायला सांगितलं. काचा आतून गोठायला लागल्या. मी मागे जाऊन मुलीला माझ्या कोटाच्या आत घेतलं. ती कानावर हात ठेवून रडत होती, आणि मग रडायची थांबली, तेव्हा मला जास्त भीती वाटली. मी तिच्याशी सारखी बोलत राहिले. काय बोलत होते ते आठवत नाही. गाड्यांचे रंग विचारत होते बहुतेक, लाल कुठली, निळी कुठली, आणि रस्त्यानं तर एकही गाडी जात नव्हती.

मग एक म्हातारं जोडपं थांबलं. त्यांनी काही न विचारता आम्हाला आपल्या गाडीत घेतलं. आजींनी मुलीचे बूट काढून तिची पावलं स्वतःच्या हातात धरली. आम्हाला क्लिनिकला नेलं, आमचं होईपर्यंत तिथे बसून राहिले आणि घरी सोडलं. निरोप घेताना मी नुसतं थँक यू म्हटलं.

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली होती. मेकॅनिकनं इंजिनाखालचं ऑइलचं भांडं काढून दाखवलं. आत डांबरासारखा मळ होता आणि ऑइल वर ओढणारी जाळी त्या मळानं गच्च बुजली होती. वर ऑइल पोचलंच नाही. टर्बो गेला, त्याच्याबरोबर इंजिनही. मी त्याला विचारलं, मी सांगितलेल्या ऑइलमुळे हे झालं का? त्यानं खांदे उडवले. कदाचित नव्या ऑइलनं मळ सुटला असेल. कदाचित जुनंच ठेवलं असतं तर जानेवारीतच बंद पडली असती. नक्की नाही सांगता येणार, म्हणाला. काकांनाही मी हेच विचारलं. ते उलट मलाच विचारत राहिले, “माझंच काही चुकलं का गं?” त्यांची समजूत घालता घालता माझा फोन संपला.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा “तिला थंडी वाजली का?” एवढंच त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. त्यानं पुन्हा तेच विचारलं. मग त्याचा आवाज येईना, आणि थोड्या वेळानं सासऱ्यांनी फोन घेतला, म्हणाले, तो नंतर करेल.

गाडी भंगारवाला घेऊन गेला. उरलेला हिवाळा मुलीच्या शाळेतल्या एका मैत्रिणीची आई आम्हाला नेत-आणत राहिली. मी तिच्या गाडीत मागे दोन मुलींच्या मध्ये बसायची. नवऱ्याचा पासपोर्ट मार्चच्या शेवटी आला, शिक्का मारलेला. इतके दिवस का लागले याचं एक अक्षर त्यात नव्हतं.

तो आला तेव्हा काकांनी आम्हाला एअरपोर्टवर नेलं. तो बारीक झाला होता. मुलगी माझ्या मागे लपली. त्यानं वाकून मराठीत विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना तिनं इंग्लिशमध्ये, एकेका शब्दात उत्तरं दिली. घरी जाताना त्यानं सांगितलं की प्रोजेक्टवर दुसऱ्याला घेतलंय, कंपनी आता दुसऱ्या राज्यात, हर्नडनला पाठवतेय, पुढच्या सोमवारी हजर व्हायचंय. काका म्हणाले, तिकडे थंडी कमी असते. बाहेर बर्फ वितळून रस्त्याच्या कडेनं मळकट पाणी वाहत होतं, आणि मी मनातल्या मनात भांडी कशात बांधायची याचा विचार करत होते.